मोल आणि मेळ

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं हल्लीं कित्येक घरांतून वडिलांपुढें एक नवाच अर्ज येतो. पूर्वीं मुलगा सायकल मागे, पुढें तो मोबाइल मागूं लागला. आतां तो संगणक मागतो, आणि तोहि साधा नव्हे, तर ज्यावर मोठमोठे खेळ अडखळल्यावांचून चालतील असा. हा अर्ज आला म्हणजे पालकवर्गांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "खेळाच्या यंत्रावर पैसा घालणें म्हणजे तो विहिरींत टाकणें होय," आणि विषय तेथेंच मिटवितो. दुसरा पक्ष मुलाच्या हट्टास कंटाळून दुकानदारास सांगतो, "जें सर्वांत भारी असेल तें द्या." आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. पहिल्याच्या हातून मुलाच्या शिक्षणाची एक चांगली संधि जाते. दुसऱ्याच्या हातून पैसा जातो, आणि पुष्कळदां यंत्रहि हवें तसें मिळत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, मोजक्या पैशांत असा संगणक घ्यावयाचा असेल तर तो सुटे भाग पारखून घरीं जुळवावा. परंतु एकहि भाग विकत घेण्यापूर्वीं सर्व भागांचा एकमेकांशीं मेळ कागदावर सिद्ध करावा. ह्या कामांत भागाच्या मोलापेक्षां भागांचा मेळ अधिक महत्त्वाचा आहे, हेंच आम्हांस विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावयाचें आहे.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसा वाटत नाहीं. आपला जिल्हा कापसाचा. पुष्कळ घरांत वर्षाची मिळकत एकदांच हातीं येते, आणि तीहि पाऊस व बाजारभाव ह्यांच्या मर्जीनें. तींतूनच बियाणें, खत, फवारणी, शाळेची फी, लग्नकार्य व दुखणींबाणीं हें सर्व भागवावयाचें असतें. अशा घरांतून मुलाच्या हौसेसाठीं निघालेले पन्नास-साठ हजार रुपये ही रक्कम लहान नव्हे. श्रीमंताघरीं एखादा भाग न जुळला तर दुसरा मागवितां येतो. आपल्याकडे तो बदलून आणण्यासाठीं नागपूरची वाट धरावी लागते, आणि दुकानदारानें 'फोडलेला माल परत घेत नाहीं' असें म्हटलें तर तो भाग कपाटांत पडून राहतो व बापलेकांत अबोला राहतो. ज्याला दुसऱ्यांदा खर्च करणें परवडत नाहीं, त्यानें पहिल्यांदांच विचार केला पाहिजे.

आतां संगणक घरीं जुळवितां येतो तरी कां, हें प्रथम पाहूं. १९८१ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. त्याची रचना तिनें बरीच उघडी ठेविली होती, त्यामुळें त्याच्या खांचांत बसणारीं कार्डें इतर कारखान्यांनाहि करतां येऊं लागलीं. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' ह्या नांवानें मदरबोर्ड, त्याची पेटी व वीजपुरवठा ह्यांच्या मापांचा दंडक घालून दिला. अशा दंडकांमुळेंच तैवानच्या कंपनीचा बोर्ड, कोरियाच्या कंपनीची रॅम व अमेरिकेंत आखलेला प्रोसेसर हीं सर्व यवतमाळच्या एका टेबलावर एकत्र नांदूं शकतात.

परंतु दंडक एकच असता तर हा लेख लिहिण्याचें कारणच उरलें नसतें. ते अनेक आहेत, आणि दर कांहीं वर्षांनीं पालटतात. ह्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यास नव्यानें समजावून सांगावयास नको. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपली 'शकुंतला' अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावत असे, आणि मूर्तिजापूरचा मोठा लोहमार्ग साडेपांच फुटांचा. दोन्ही आगगाड्याच; दोहोंचीं चाकें पोलादाचींच; तरी एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढत नसे. त्यामुळें लहान गाडीनें गेलेला माल पुढें मोठ्या गाडीनें न्यावयाचा तर तो मूर्तिजापुरास उतरवून पुन्हां भरावा लागे. संगणकाच्या भागांची स्थिति अशीच आहे, फरक इतकाच कीं येथें उतरवून भरण्याची सोयहि नाहीं. न जुळलेला भाग निकामीच ठरतो.

आरंभ कोठून करावा? बहुतेक मुलें ग्राफिक्स कार्डाच्या नांवापासून करतात. आमच्या मतें आरंभ पडद्यापासून करावा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ते ८२,९४,४०० होतात, म्हणजे बरोबर चौपट. खेळांत असें चित्र सेकंदाला साठ वेळां किंवा त्याहून अधिक वेळां नव्यानें रंगवावें लागतें. म्हणजे पडदा मोठ्या मापाचा घेतला कीं ग्राफिक्स कार्डावरील ओझें त्याच दिवशीं कित्येक पटींनीं वाढलें. मोजक्या पैशांत १९२० गुणिले १०८० चा पडदा घ्यावा, आपण कोणते तीन-चार खेळ खरोखर खेळणार आहों तें लिहून काढावें, आणि त्या खेळांच्या कर्त्यांनीं कोणतें यंत्र पुरेसें म्हटलें आहे तें पाहावें. ज्यानें खेळ ठरविला नाहीं त्याला यंत्र ठरवितां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट समतोलाची. एका जुवाला तरणा बैल व थकलेला बैल जुंपला तर गाडी कोणाच्या चालीनें चालते? थकलेल्याच्या. तरण्याची ताकद फुकट जाते. संगणकांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ही अशीच जोडी आहे. प्रोसेसर खेळांतील हालचालींचा हिशेब करतो. कार्ड त्या हिशेबावरून चित्र रंगवितें. हिशेब मंद झाला तर कार्ड हात बांधून बसतें. कार्ड मंद असलें तर प्रोसेसर त्याची वाट पाहत राहतो. म्हणून जुन्या चार कोअरांच्या प्रोसेसरास सर्व पैसा ओतून घेतलेलें कार्ड जोडणें, किंवा उलट सोळा कोअरांच्या प्रोसेसरापुढें अगदीं हलकें कार्ड ठेवणें, ह्या दोन्ही गोष्टी आम्ही उधळपट्टींतच मोजतों. सहा कोअरांचा प्रोसेसर व मध्यम कार्ड ही जोडी आम्हांस मध्यम स्थितींतील कुटुंबासाठीं शहाणपणाची वाटते.

आतां मेळाच्या मुख्य कसोट्या क्रमानें सांगतों. प्रोसेसर मदरबोर्डावरील ज्या बैठकींत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचा 'एएम४' सॉकेट २०१६ सालीं आला व 'एएम५' २०२२ सालीं. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यांत बसत नाहीं. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना 'एलजीए १७००' लागतो. दहाव्या व अकराव्या पिढीला 'एलजीए १२००'. तेव्हां 'इंटेलचा प्रोसेसर, इंटेलचाच बोर्ड' एवढें ऐकून समाधान मानूं नये. सॉकेटचें नांव अक्षरशः ताडून पाहावें.

सॉकेट जुळला तरी काम संपत नाहीं. बोर्डावर 'बायोस' नांवाचा एक मूळ कार्यक्रम असतो, आणि त्याला नवा प्रोसेसर ओळखतां आला पाहिजे. 'बी४५०' जातीच्या जुन्या बोर्डांत रायझन ५००० मालेचा प्रोसेसर बसतो खरा, परंतु बायोस जुनाच असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. मुलाला वाटतें, आपल्याच हातून कांहीं तरी मोडलें. बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी व प्रत्येकासाठीं लागणारी बायोसची आवृत्ति दिलेली असते. ती पाहावी, आणि जरूर तर दुकानदाराकडूनच बायोस नवा करून घेऊन मग बोर्ड घरीं आणावा.

रॅमचेंहि असेंच. डीडीआर४ व डीडीआर५ ह्या दोन्ही पट्ट्यांना २८८ च टोकें असतात, लांबीहि सारखीच. परंतु मधली खांच निरनिराळ्या जागीं असल्यामुळें एक दुसरीच्या घरांत बसत नाहीं. बसत नाहीं म्हणून जोर करणाऱ्याच्या हातून बोर्ड फुटतो. एएम४ ला डीडीआर४ च चालते, एएम५ ला डीडीआर५ च. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे निघतात, म्हणून तेथें बोर्डाचें पूर्ण नांव पाहावें. आणखी असें कीं, १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. दोन वाटांनीं माहिती वाहूं लागली कीं खेळांत फरक उघड दिसतो.

प्रोसेसराच्या नांवाचें शेवटचें अक्षरहि वाचावें. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या शेवटीं 'एफ' असतो त्याला स्वतःचें चित्र काढतां येत नाहीं. कार्डावांचून पडदा उजळणारच नाहीं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चेंहि तेंच. परंतु ५६००जी ह्याच्या अंगीं चित्र काढण्याची थोडी शक्ति असते. ज्या घरीं पैसा दोन हंगामांत मिळून येणार असेल तेथें आधीं असा प्रोसेसर घेऊन अभ्यास व हलके खेळ चालवावे, आणि कार्ड पुढील वर्षीं घ्यावें, ही युक्ति आम्हांस कर्जापेक्षां शतपटींनीं बरी वाटते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतींत दोन मापें घ्यावीं : लांबीचें व विजेचें. पेटींत ३०० मिलिमीटर जागा आणि कार्ड ३२० चें, म्हणजे नाकापेक्षां मोती जड. पेटीच्या कागदावर कार्डाची कमाल लांबी छापलेली असते. बोर्डहि पेटींत बसला पाहिजे : एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ गुणिले २४४. विजेचा हिशेब असा : बोर्डावरील खांचेंतून कार्डास ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणींतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणींतून १५०. कार्डास आठ पिना हव्या आणि वीजपुरवठ्याच्या पेटीला ती जोडणीच नाहीं, असें घरीं येऊन कळूं नये.

ह्या वीजपुरवठ्याच्या पेटीस दुकानांत 'एसएमपीएस' म्हणतात. काटकसर करावयाची झाली कीं पहिली सुरी हिच्यावरच चालते, कारण ही खेळांत दिसत नाहीं. आमचें मत नेमकें उलट आहे. बाकीचा भाग बिघडला तर तो एकटा बिघडतो; ही पेटी बिघडली तर जातांना शेजाऱ्यांनाहि घेऊन जाते. हिशेब सोपा आहे. ६५ वॅट म्हणून विकला जाणारा एएम४ जातीचा प्रोसेसर पूर्ण जोरांत ८८ वॅटपर्यंत ओढतो. मध्यम कार्डाचे १५० धरा, बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे ह्यांचे ६० धरा. बेरीज ३०० च्या आसपास येते. त्यावर भरपूर मोकळीक ठेवून नामांकित कंपनीची ५०० ते ५५० वॅटची पेटी घ्यावी. '८० प्लस' हा शिक्का वीज वायां कमी जाते ह्याचा दाखला आहे, टिकाऊपणाचा नव्हे, हेंहि ध्यानांत असावें. एका पेटीच्या सुट्या केबली दुसऱ्या कंपनीच्या पेटीस कधींहि लावूं नयेत. टोकें बसतात, परंतु आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो आणि क्षणांत सर्व जळतें. जें बसतें तें जुळतेंच असें नाहीं, हा धडा येथें फार महाग पडतो. आणि ही पेटी स्वतः उघडून पाहण्याचा मोह मुलांनीं मुळींच धरूं नये. वीज बंद केल्यावरहि तिच्यांत जीवघेणा भार उरलेला असूं शकतो.

आपल्या हवेचा व आपल्या विजेचाहि विचार केला पाहिजे. वैशाखांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. ज्या खोलींत माणसाच्या जिवाची काहिली होते तेथें यंत्र थंड कसें राहील? म्हणून कांचेच्या बंद, रंगीत दिव्यांच्या पेटीपेक्षां पुढून जाळी असलेली, हवा खेळती ठेवणारी पेटी घ्यावी, व महिन्यांतून एकदां धूळ झाडावी. वीज वारंवार ये-जा करते तेथें यूपीएस लागतोच. परंतु ६०० व्हीए असें लिहिलेला साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, तेव्हां व्हीए व वॅट ह्यांची गल्लत करूं नये. भिंतींतील तीन पिनांच्या जोडणीला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावें. दिव्यांच्या झगमगाटावर हजार रुपये घालून अर्थिंगवर शंभर न घालणें हें आधीं कळस मग पाया असें होय.

आतां पैशांची वांटणी. भाव इतके हालतात कीं रुपयांत सांगण्यांत अर्थ नाहीं. २०२१ सालीं आभासी चलनाच्या हव्यासापायीं ग्राफिक्स कार्डांचे भाव आकाशास भिडले होते. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भराभर चढले. म्हणून आम्ही शंभर भागांची एक ढोबळ वांटणी सुचवितों. पडदा व यूपीएस वेगळे ठेवून, शंभरांपैकीं ग्राफिक्स कार्डास ३८, प्रोसेसरास १७, बोर्डास १४, रॅमला १०, एसएसडीला ८, वीजपुरवठ्यास ८ व पेटीस ५. एका भागाचा भाव चढला तर दुसऱ्याचे दोन-तीन अंक कमी करावे; वीजपुरवठ्याचे मात्र करूं नयेत. जुनें कार्ड घ्यावयाचें तर तें समोर अर्धा तास चालवून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. प्रत्येक भागाची पावती घ्यावी, कारण हमीच्या मुदतींत तीच उपयोगी पडते. आणि हप्त्यानें घेऊं नये. पुढील पिकाच्या आशेवर बियाणें घेणें एक वेळ समजतें. पुढील पिकाच्या आशेवर खेळ घेणें आम्हांस समजत नाहीं.

येथें पहिल्या पक्षाचे पालक म्हणतील, "हें सर्व खरें; पण शेवटीं तो खेळच ना?" आक्षेप पोकळ नाहीं. रात्र-रात्र खेळणारा मुलगा अभ्यासांतून उठतो, हें आम्ही पाहतोंच. परंतु त्यावर उपाय वेळेचा नियम हा आहे, यंत्राची बंदी हा नव्हे. बंदी घातली तर तेंच खेळणें मोबाइलच्या लहान पडद्यावर, पांघरुणाखालीं चालूं राहतें. दिवाणखान्यांत सर्वांसमोर ठेवलेला, मुलानें स्वतःच्या हातांनीं जुळविलेला संगणक त्याहून पुष्कळ बरा. त्यावर खेळ चालतो तसा कार्यक्रम लिहिण्याचा अभ्यासहि चालतो, चित्रफीत जोडतां येते, नकाशे काढतां येतात. आणि वॅट, व्होल्ट, मिलिमीटर, टक्के हे जे शब्द पुस्तकांत निर्जीव वाटतात, त्यांना येथें घरच्या पैशाचा आधार मिळून जीव येतो. हें काम मुलग्यांचेंच असाही समज आहे. तो टाकून द्यावा. बारकाईनें ताडून पाहण्यांत आमच्या मुली कोणाला हार जाणाऱ्या नाहींत.

म्हणून पालकांस आमची एक सूचना आहे. मुलानें किंवा मुलीनें संगणक मागितला तर 'हो' किंवा 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं एक टांचण मागावें. त्यांत चार रकाने असावे : भागाचें पूर्ण नांव, तो कशाकशाशीं जुळला पाहिजे, जुळतो ह्याचा पुरावा कोठें पाहिला, आणि किंमत. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा, "हाच कां?" आपल्याला संगणक कळत नाहीं म्हणून संकोचूं नये. उत्तर देणाऱ्याला विषय कळला आहे कीं त्यानें तो नुसता पाठ केला आहे, हें बियाण्याच्या दुकानदाराशीं आयुष्यभर घासाघीस केलेल्या बापाला व महिन्याचा बाजार हिशेबानें करणाऱ्या आईला बरोबर ओळखतां येतें. ज्या ओळीचें उत्तर आलें नाहीं ती वस्तु त्या दिवशीं घेऊं नये. महिनाभरानें पुन्हां विचारावें. यंत्र महिनाभर उशिरा आल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं.

आणि हें शिक्षण हौसेपुरतेंच राहतें असेंहि कोणी समजूं नये. शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाशीं, मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा ह्या गांवीं १९४६ सालीं डॉ. विजय भटकर ह्यांचा जन्म झाला. भारतास हव्या त्या ताकदीचा महासंगणक परदेशांतून मिळेना, तेव्हां तो येथेंच उभारण्याची कामगिरी पुण्याच्या सी-डॅक संस्थेकडे आली आणि तिचें नेतृत्व त्यांनीं केलें. १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला. त्यांत कोणी एकच अद्भुत प्रोसेसर नव्हता. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नांवाचे ६४ लहान प्रोसेसर एकत्र जोडून तो उभा केला होता. भाग बाजारांत मिळण्यासारखे होते. कठीण होतें तें त्यांना एका कामावर एकदिलानें राबविणें. जें बळ एकट्या महाग भागांत सांपडलें नाहीं तें मेळांत सांपडलें.

प्रत्येक मुलगा महासंगणक बांधील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आईबापांच्या घामाच्या पैशाचा हिशेब ठेवून, दहा भागांची कुंडली जुळवून, पहिल्यांदां कळ दाबतांच ज्याचा पडदा उजळला, त्या मुलाच्या हातीं खेळाहून मोठें कांहीं तरी आलेलें असतें. पुढें तो मोटारपंप घेवो, ट्रॅक्टर घेवो कीं घर बांधो, आधीं मेळ पाहील आणि मग मोल देईल. येत्या सुटींत ज्यांच्या घरीं हा अर्ज येईल त्यांनीं चार रकान्यांचा कागद तयार ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे.